खाडीत चॅनल खोदण्याआधी: पाण्याखालचा उतार टिकेल का, हे कसं तपासावं

जेट्टीपर्यंत बोट यावी म्हणून खाडीत चॅनल खोदायचं ठरतं आणि निविदेत कडेचा उतार लिहिलेला असतो: एकास पाच, म्हणजे एक मीटर उंचीला पाच मीटर आडवं अंतर. हा आकडा कुठून आला असं विचारलं, तर बहुतेक वेळा आधीच्या कामाच्या निविदेतून उचललेला निघतो. शेजारच्या खाडीत एकास पाच टिकला म्हणून इथंही टिकेल असं नाही. उलट इथं कदाचित एकास तीनवरही भागलं असतं आणि तेवढा उपसा वाचला असता. उतार हा हिशेबाच्या शेवटी येणारा आकडा आहे. त्याआधी गाळाचं बुडीत वजन, त्याची ताकद, त्याच्या पोटातलं पाणी आणि ओहोटी, या चार गोष्टी हातात लागतात.

पुढची सगळी पद्धत मुंबई-कोकण पट्ट्यातल्या खाड्या डोळ्यांपुढे ठेवून दिली आहे. इथला ठोकळ क्रम ठरलेला: वर करडा-काळा मऊ सागरी गाळ, मध्येच शिंपल्यांचा किंवा बारीक रेतीचा पट्टा, खाली मुरूम आणि त्याखाली काळा दगड. एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. ८ मीटर जाडीचा गाळ, खाली मुरूम, आणि ६ मीटर खोल कट.

खोलीचं सर्वेक्षण

इको साउंडर दोन फ्रिक्वेन्सींचा घ्या. २०० किलोहर्ट्झचा आवाज पातळ चिखलाच्या वरच्या पृष्ठभागावरून परततो. ३३ किलोहर्ट्झचा त्या चिखलात शिरून खालच्या घट्ट थरावरून परततो. दोन्हींत अर्धा-एक मीटरचा फरक आला, तर वरचा थर जवळजवळ द्रव आहे आणि त्याला ताकद धरायची नाही. तो कितीही सपाट ठेवला तरी ओघळणारच.

सिंगल बीमचा शंकू ८ अंशांचा असेल, तर १० मीटर खोलीवर तो तळाचं १.४ मीटरचं वर्तुळ पाहतो. उतारावर पहिला प्रतिध्वनी त्या वर्तुळाच्या वरच्या कडेवरून येतो. त्यामुळे उतार आहे त्यापेक्षा उथळ दिसतो आणि माथ्याची धार गोलसर होते. उताराचं काम असेल तर मल्टीबीम (एकदम अनेक बारीक झोत टाकणारा साउंडर) मागवा. तो परवडत नसेल तर निदान सर्वेक्षणाच्या रेषा चॅनलला काटकोनात, १० ते २० मीटर अंतरानं घ्या. चॅनलच्या लांबीनं घेतलेल्या रेषांवरून उतार काढता येत नाही.

सब-बॉटम प्रोफायलर (तळाखालचे थर आवाजानं दाखवणारं यंत्र) लावलात तर मुरुमाचा पृष्ठभागही दिसतो. तो चॅनलच्या बाजूला उतरता आहे का, हे आधी पाहा. उतरत्या मुरुमावर बसलेला गाळ कापला की घसरण त्या संधीवरूनच होते. प्रोफायलरच्या चित्रात मधेच सगळं पुसल्यासारखं झालं, तर ते यंत्राचा बिघाड म्हणून सोडून देऊ नका. गाळात वायू असू शकतो. पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रातल्या गाळात मिथेन असल्याच्या खुणा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सर्वेक्षणांत नोंदल्या गेल्या आहेत. असा गाळ ट्यूबमधून वर आणला की दाब उतरल्यानं फुगतो, तडकतो, आणि लॅबमध्ये आहे त्यापेक्षा कमकुवत ठरतो.

बोअर आणि नमुने

बोअर फक्त चॅनलच्या मध्यावर घेऊ नका. तिथला गाळ तर तुम्ही काढूनच टाकणार आहात. माथ्यावर, उताराच्या मध्यावर आणि पायथ्याला अशी ओळ घ्या; अशा ओळी दर १०० ते १५० मीटरला असाव्यात. खोली गाळ संपेपर्यंत आणि पुढे मुरुमात तीन मीटर.

मऊ गाळात एसपीटीवर, म्हणजे हातोड्याचे ठोके (एन) मोजण्याच्या चाचणीवर, विसंबू नका. रॉड स्वतःच्या वजनानंच खाली जातो, अहवालात एन शून्य किंवा एक येतो आणि त्यावरून ३ किलोपास्कलचा गाळ आणि १२ किलोपास्कलचा गाळ वेगळा काढता येत नाही. उतार टिकणं-न टिकणं नेमकं याच पट्ट्यात ठरतं.

नमुन्यासाठी आयएस (भारतीय मानक) २१३२ प्रमाणे पातळ भिंतीची ट्यूब वापरा. आतला व्यास ७५ मिमी आणि भिंत दीड मिमी असली, तर क्षेत्रफळाचं गुणोत्तर (भिंतीचं क्षेत्रफळ ÷ आतलं क्षेत्रफळ) ८.२ टक्के येतं. १० टक्क्यांच्या वर गेलेली जाड ट्यूब गाळ कापत नाही, ढकलते. ट्यूब हातोड्यानं ठोकायची नाही, एका दमात सलग दाबायची. पाच-दहा मिनिटं थांबा, दोन फेरे फिरवून तळ तोडा आणि मगच वर ओढा. दोन्ही टोकांना २५ मिमी मेण घाला, ट्यूब उभी ठेवा, उभीच न्या. जीपच्या टपावर आडवी बांधून घाटातून खड्डे खात गेलेल्या ट्यूबचा ट्रायअक्षियल (ताकदीच्या लॅब चाचणीचा) अहवाल कितीही देखणा असला तरी तो त्या खाडीचा राहत नाही. लॅबमध्ये नमुना ज्या दिशेनं ट्यूबमध्ये शिरला त्याच दिशेनं पुढे ढकलून काढायला सांगा.

तराफ्यावरून काम असेल तर आणखी एक भानगड असते: भरती-ओहोटीबरोबर डेक तीन-चार मीटर वरखाली होतं. रॉडची खोली डेकपासून मोजली आणि भरतीची नोंद ठेवली नाही, तर सकाळचा आणि दुपारचा नमुना एकाच खोलीचा म्हणून लिहिला जातो. प्रत्येक नमुन्याशेजारी वेळ आणि पाण्याची पातळी लिहा आणि सगळ्या खोल्या चार्ट डेटमवर, म्हणजे नकाशातल्या शून्य पातळीवर, आणा.

ओलावा, मीठ आणि बुडीत वजन

सागरी गाळ ओव्हनमध्ये सुकवला की पाणी जातं, पण मीठ मागे राहतं आणि घन पदार्थ म्हणून मोजलं जातं. त्याची दुरुस्ती अशी:

ओलावा = (ओलं वजन − सुकं वजन) ÷ (सुकं वजन − मिठाचा अंश × ओलं वजन)

समुद्राच्या पाण्यासाठी मिठाचा अंश ०.०३५ धरा. खाडीच्या आतल्या भागात तो कमी असतो, म्हणून छिद्रांतलं पाणी पिळून प्रत्यक्ष मोजलेलं बरं. १०० ग्रॅम ओला गाळ सुकून ५२ ग्रॅम झाला, तर साध्या हिशेबानं ओलावा ९२ टक्के. दुरुस्ती केल्यावर ४८ ÷ (५२ − ३.५), म्हणजे ९९ टक्के.

यावरून बुडीत वजन काढायचं. कणांचं विशिष्ट गुरुत्व २.७०, समुद्राच्या पाण्याचं १.०२५. रिक्तता गुणोत्तर (पोकळीचं घनफळ ÷ कणांचं घनफळ) ०.९९ × २.७० ÷ १.०२५ = २.६१; त्यात १ मिळवून ३.६१. बुडीत वजन (२.७० − १.०२५) ÷ ३.६१ × ९.८१ = ४.५५ किलोन्यूटन प्रति घनमीटर. एकूण संपृक्त वजन त्यात समुद्राच्या पाण्याचे १०.०६ मिळवून १४.६. मीठ विसरून, गोडं पाणी धरून हेच केलं असतं तर बुडीत वजन ४.७८ आलं असतं, म्हणजे पाच टक्के जास्त. एकट्यानं फार मोठी चूक नाही, पण अशा तीन-चार एकाच दिशेला पडल्या की आकड्याला अर्थ उरत नाही.

द्रवसीमेची (ज्या ओलाव्याला गाळ वाहू लागतो त्याची) चाचणी ओव्हनमध्ये सुकवलेल्या गाळावर करू नका. सेंद्रिय अंश असलेला गाळ सुकला की त्याची द्रवसीमा कायमची उतरते. सुकवून केलेली द्रवसीमा न सुकवता केलेल्या द्रवसीमेच्या ०.७५ पटीपेक्षा खाली आली, तर गाळ सेंद्रिय समजा. पाणी घालायचंच तर त्याच खाडीचं घाला.

आपल्या उदाहरणात द्रवसीमा ९०, प्लास्टिक सीमा (ज्या ओलाव्याखाली गाळ वळता न येता तुटतो) ४०, म्हणजे दोन्हींतला फरक, प्लास्टिसिटी इंडेक्स, ५०. द्रवता निर्देशांक (९९ − ४०) ÷ ५० = १.१८. एकच्या वर गेलेला हा आकडा इशारा आहे. असा गाळ न हलवता उभा राहतो, पण विरजलेलं दही ढवळावं तसा एकदा मोडला की वाहायला लागतो. ड्रेजरचा कटर नेमकं तेच करतो.

वेन चाचणी

या कामाचा कणा म्हणजे जागेवरची वेन चाचणी, आयएस ४४३४: चार पात्यांची फुली गाळात दाबून फिरवायची आणि गाळ मोडायला लागणारा पिळाचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजायचा. मऊ गाळाला ६५ मिमी व्यासाची आणि १३० मिमी उंचीची वेन घ्या.

ताकद = ०.२७३ × टॉर्क ÷ व्यासाचा घन

या मापाच्या वेनला हिशेब फारच सोपा पडतो: टॉर्क १० न्यूटन-मीटर तर ताकद ९.९ किलोपास्कल, म्हणजे जवळपास तोच आकडा. ५० मिमी वेनला टॉर्क २.१८ नं गुणा.

वेन बोअरच्या तळाखाली, बोअरच्या व्यासाच्या निदान पाचपट खोल दाबा. वरचा गाळ ड्रिलिंगनं मोडलेला असतो. घातल्यावर पाच मिनिटांच्या आत फिरवायला सुरुवात करा, सेकंदाला ०.१ अंश या वेगानं. हातानं भराभर फिरवली की ताकद जास्त दिसते. जास्तीत जास्त टॉर्क नोंदवा, मग वेगानं दहा फेरे मारा आणि पुन्हा मोजा. ही मोडलेल्या गाळाची ताकद. पहिलीला दुसरीनं भागलं की संवेदनशीलता मिळते.

चाचणी बिघडवणाऱ्या गोष्टी तीन. रॉडचं घर्षण: वेन न लावता रॉड फिरवून ते मोजा आणि वजा करा. तराफ्याचं हेलकावणं: वेनची चौकट डेकला बांधू नका, तळात रोवलेल्या केसिंगला बांधा, नाहीतर प्रत्येक लाटेला वेन गाळ मळत राहते. आणि शिंपले: पात्याला कालवाचं कवच लागलं की टॉर्क एकदम उसळतो. असा आकडा शेजारच्या दोन्ही खोल्यांशी जुळत नाही. तो आलेखावर दाखवा, हिशेबात घेऊ नका.

वेन गाळाला घाईनं कापते, खरी घसरण सावकाश होते. म्हणून ब्येरम यांची दुरुस्ती लावायची: गुणक = १.७ − ०.५४ × लॉग (प्लास्टिसिटी इंडेक्स). इंडेक्स २० ला गुणक १.०, ५० ला ०.७८. इथल्या जास्त प्लास्टिक गाळात ही दुरुस्ती विसरणं म्हणजे ताकद पावपटीहून जास्त फुगवून धरणं.

उदाहरणात वेनची ताकद गाळाच्या पृष्ठभागाशी ४ किलोपास्कल आणि दर मीटरला १ नं वाढणारी धरू. ८ मीटरवर १२, दुरुस्तीनंतर ९.४. आता पडताळा घ्या. ८ मीटरवरचा परिणामी (पाण्याचा वगळून कणांवर येणारा) दाब ४.५५ × ८ = ३६.४. आपल्याच वजनाखाली दबलेल्या गाळाची ताकद साधारण याच्या ०.२२ पट असते, म्हणजे ८. आकडे जुळतात. वेनचा आकडा याच्या निम्म्यावर आला, तर दोनच शक्यता: चाचणी बिघडली, किंवा गाळ अजून दबायचा आहे आणि त्यातलं पाणी जादा दाबाखाली अडकलं आहे. दुसरी शक्यता धोक्याची. ती पिझोमीटर (छिद्रांतल्या पाण्याचा दाब मोजणारं यंत्र) बसवून किंवा सीपीटीयूची (पाण्याचा दाबही मोजणारा, गाळात दाबायचा शंकू) दाब उतरण्याची चाचणी करून तपासल्याशिवाय खोदू नका. सीपीटीयू वापरत असाल तर इतक्या मऊ गाळात शंकूच्या शून्य-वाचनाची चूकही मोठी ठरते; शंकूऐवजी आडवी दांडी असलेला टी-बार जास्त भरवशाचा.

पहिला हिशेब

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहा. सुरक्षा गुणांक म्हणजे धरून ठेवणारी ताकद भागिले खाली ओढणारं वजन; एकच्या खाली गेला तर उतार टिकत नाही:

सुरक्षा गुणांक = ५.५२ × सरासरी ताकद ÷ (बुडीत वजन × कटाची उंची)

घसरण-वक्रावरची (ज्या वाकड्या पृष्ठावरून गाळ सुटतो त्यावरची) सरासरी खोली ५ मीटर धरली, तर ताकद ९ × ०.७८ = ७ किलोपास्कल. गुणांक ५.५२ × ७ ÷ (४.५५ × ६) = १.४. कायमच्या उताराला १.४ ते १.५ आणि बांधकामापुरत्या उताराला १.३ हे प्रचलित आकडे आहेत, म्हणजे आपण उंबरठ्यावर आहोत.

या सूत्रात उताराचा कोन कुठेच नाही, याकडे लक्ष द्या. एकाच ताकदीचा गाळ खोलवर पसरलेला असेल, तर ५३ अंशांखालचा कुठलाही उतार खोल वक्रावरून सारखाच घसरतो; सपाट करत जाण्यानं फारसं काही मिळत नाही. आपल्या उदाहरणात मात्र कटाच्या तळाखाली फक्त दोन मीटर गाळ उरतो, त्याखाली मुरूम आहे. वक्राला खोल जायला जागा नाही, म्हणून इथं उतार सपाट केल्याचा फायदा होतो आणि खरा गुणांक १.४ च्या वर जातो. किती वर, ते सॉफ्टवेअरमधल्या बिशप किंवा स्पेन्सर पद्धतीनं (घसरणाऱ्या गाळाचे उभे काप पाडून), ताकद खोलीनुसार वाढती देऊन काढा. सरासरी रेषेऐवजी ठिपक्यांच्या खालच्या बाजूची रेषा घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी चूक: गाळाला बुडीत वजन द्यायचं आणि वर पाण्याची पातळीही काढायची. पाणी दोनदा वजा होतं. एक तर संपृक्त वजन आणि पाणी द्या, नाहीतर बुडीत वजन आणि पाणी नाही.

ओहोटी

वरचा १.४ हा कायम पाण्याखाली असलेल्या, मधल्या चॅनलच्या उताराचा. तोच कट काठाला लागून घेतला, माथा डेटमच्या वर ३ मीटर आणि तळ डेटमच्या खाली ३ मीटर, तर चित्र बदलतं. मुंबईच्या बाजूला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते आणि ओहोटी जवळजवळ शून्याला येते. भरतीला सगळा उतार बुडालेला असतो, गुणांक १.४. ओहोटीला वरचे ३ मीटर उघडे पडतात. त्या गाळातलं पाणी सहा तासांत निघत नाही, पण बाहेरून टेकू देणारं पाणी गेलेलं असतं. खाली ओढणारं वजन ४.५५ × ६ = २७.३ वरून १४.६ × ६ − १०.०६ × ३ = ५७.४ वर जातं. गुणांक ३८.६ (वरचे ५.५२ × ७) ÷ ५७.४ = ०.६७.

म्हणून काठाचे उतार उधाणाच्या ओहोटीला पडतात, आणि म्हणून काठाचा हिशेब नेहमी वर्षातल्या सगळ्यात खालच्या पाण्यावर करायचा, सरासरीवर नाही.

रेतीमिश्रित, पाणी झिरपू देणाऱ्या काठाला दुसरा हिशेब लागतो. घर्षण कोन २४ अंश आणि उतार एकास पाच, तर शांत पाण्याखाली गुणांक ०.४४५ ÷ ०.२ = २.२. ओहोटीला पाणी उताराला समांतर बाहेर झिरपू लागलं की त्याला ४.५५ ÷ १४.६ नं गुणायचं: ०.६९. ओहोटीला काठातून गढूळ पाण्याच्या धारा येताना दिसल्या, तर समजा की हा हिशेब तिथं प्रत्यक्षात चालू आहे. जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं जाड कापड) आणि त्यावर दगडांचा थर घालून पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. काँक्रीटनं बंद केलंत तर पाणी मागं साठून तेच काँक्रीट ढकलेल.

माथ्यावरचं ओझं

जेट्टीच्या पोचरस्त्याला दोन मीटर मुरुमाचा भराव म्हणजे १८ × २ = ३६ किलोपास्कल. बुडालेल्या उताराच्या माथ्यावर तो आला, तर गुणांक ३८.६ ÷ (२७.३ + ३६) = ०.६१. उपसलेला गाळ काठावर टाकणं, डंपर माथ्याशी उभे करणं, खडीचे ढीग, सगळं यातच येतं. माथ्याच्या रेषेपासून कटाच्या उंचीच्या निदान तिप्पट अंतर मोकळं ठेवा.

भराव किती महागात पडतो याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. फ्रान्समधल्या नीस इथं विमानतळालगत नव्या बंदरासाठी टाकलेला भराव १६ ऑक्टोबर १९७९ रोजी समुद्रात गेला, आणि लाट अँटीबच्या किनाऱ्यावर चढली. नॉर्वेतल्या फिनाइडफ्योर्ड इथं २० जून १९९६ रोजी घसरण पाण्याखाली सुरू झाली, मागं सरकत काठावर आली आणि महामार्गाचा तुकडा व घर घेऊन गेली. चार जण दगावले. दोन्हीकडे गाळात कमकुवत थर होता. असा थर अर्ध्या मीटरचाही पुरतो, म्हणून नमुने दीड-दीड मीटर सोडून घेतले तर तो निसटतो. निदान एका बोअरमध्ये सलग नमुने घ्या, ट्यूब उभी चिरा आणि सुकताना पाहा: रेतीचा पट्टा आधी फिका पडतो.

भराव करणं भागच असेल तर टप्प्याटप्प्यानं करा. पण त्याला किती वेळ लागतो हे आधी काढा. एकत्रीकरण गुणांक (गाळ पाणी सोडत दबण्याचा वेग) वर्षाला १ चौरस मीटर आणि वर-खाली निचरा धरला, तरी ८ मीटर गाळ ९० टक्के दबायला ०.८४८ × १६ ÷ १ = साडेतेरा वर्षं लागतात. दीड-दोन मीटरवर उभ्या ड्रेन घातल्या की तेच काम खूप लवकर होतं आणि ३६ किलोपास्कलच्या भरावाखाली ताकद सुमारे ७ किलोपास्कलनं वाढते.

भूकंप

आयएस १८९३:२०१६ प्रमाणे मुंबई झोन तीनमध्ये, झोन गुणक ०.१६. त्याच्या निम्मा, ०.०८, आडवा गुणांक घेऊन नुसता ३ अंशांचा नैसर्गिक तळ तपासू. स्थिर स्थितीत दर मीटर खोलीला ताकद ०.२२ × ४.५५ = १.०, ओढ ४.५५ × ०.०५२ = ०.२४. गुणांक ४.२, अगदी निवांत. हादऱ्यात ओढीत ०.०८ × १४.६ = १.१७ ची भर पडते आणि गुणांक ०.७१ होतो.

इथं १४.६, म्हणजे संपृक्त वजन घ्यायचं. गाळाबरोबर त्याच्या छिद्रांतलं पाणीही हलतं. बुडीत वजन घेतलं तर धक्का एक तृतीयांशाहूनही कमी मोजला जातो, आणि अहवालात असं झालेलं वरचेवर दिसतं. जमिनीवर जो उतार सपाटच म्हटला असता, तो पाण्याखाली हादऱ्यात का सुटतो याचं उत्तर या गुणोत्तरात आहे. उत्तर अटलांटिकमध्ये ग्रँड बँक्सजवळ १८ नोव्हेंबर १९२९ च्या भूकंपानंतर तळ असाच सुटला आणि बारा तारायंत्र केबल तुटल्या.

गुणांक एकच्या खाली गेला म्हणजे उतार कोसळलाच असं नाही, कारण हादरा क्षणाचा असतो. न्यूमार्क पद्धतीनं (हादऱ्यात उतार किती सरकतो याच्या हिशेबानं) किती सरकेल ते काढा आणि ते सरकणं गाळाच्या संवेदनशीलतेशी ताडून पाहा. काही सेंटीमीटर सरकून थांबणारा गाळ चालतो; सरकताना मोडून पातळ होणारा चालत नाही.

रेती असेल तर

स्वच्छ रेतीचा एकास तीनचा उतार शांत पाण्यात १.७ गुणांक देतो, पण लाटा आणि ओढ असलेल्या पाण्यात बारीक रेती एकास दहापर्यंत सपाट होते. सैल, एकसारख्या बारीक रेतीला हादऱ्यात द्रवीभवनाचा, म्हणजे ताकद जाऊन पाण्यासारखं वाहू लागण्याचा, धोका. इथं मात्र एसपीटी कामाला येते.

घट्ट रेतीची गोष्ट उलटी. सक्शन पंपानं तळात खड्डा केला की त्याची कड काही काळ जवळजवळ उभी राहते, आणि मग कण-कण सुटत कड मागं चालू लागते. पंप बंद केल्यावरही ती थांबेलच असं नाही. खाडीत खारभूमीच्या बंधाऱ्यापासून लांब रेती काढली म्हणून बंधारा सुरक्षित, हे म्हणूनच खरं नसतं. खड्ड्याच्या तळापासून बंधाऱ्याच्या पायथ्यापर्यंत रेष काढा. ती बारीक रेतीत एकास दहापेक्षा उभी असेल, तर खड्डा फार जवळ आहे. रेतीवर गाळाचा थर असेल तर आणखी वाईट: खालची रेती निघून जाते आणि वरचा गाळ छपरासारखा लटकून एकदम बसतो.

खोदताना

वरून खाली या. पायथा आधी कापून वरचं आपोआप खाली येईल असं ठेवलं, तर ते येतं, पण मोडून, आणि मग ताकद वेनच्या दुसऱ्या आकड्याची उरते. ड्रेजर पायऱ्या कापत असेल तर पायरी एक मीटरपेक्षा उंच नको. आखलेल्या उताराच्या रेषेखाली पायरी जितकी आत जाईल तितकीच रेषेवर बाहेर उरली पाहिजे. दोन्ही काठ एकदम खोल करण्याऐवजी एक-एक थर पूर्ण लांबीत उतरवा. काठालगतचं काम उधाणाच्या दिवसांत ठेवू नका. भांगेच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या दिवसांत, भरतीच्या पाण्यावर करा. मंजूर खोलीपेक्षा अर्धा मीटर जास्त खोदणं ठेकेदाराला किरकोळ वाटतं, पण आपल्या सूत्रात ६ चे ६.५ झाले की १.४१ चे १.३१ होतात.

खोदल्यावर

पहिलं सर्वेक्षण काम संपताच, दुसरं महिन्याभरानं, मग पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. त्याच रेषांवर, त्याच फ्रिक्वेन्सीनं. खोदलेल्या मातीच्या उताराची ताकद पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते. ओझं उतरल्यानं गाळ हळूहळू पाणी शोषतो, फुगतो आणि मऊ होतो. त्यामुळे सहा महिने टिकला म्हणजे कायमचा टिकला असं धरू नका. काठाच्या उताराला माथ्यावर एखादा इनक्लिनोमीटर (जमीन आडवी किती सरकते ते मोजणारी नळी) आणि दोन खोल्यांवर पिझोमीटर ठेवा, आणि वाचन ओहोटीच्या वेळेला घ्या.

चॅनल उथळ झालेलं दिसलं की सगळे म्हणतात गाळ साचला. साचणं आणि घसरणं वेगळं ओळखता येतं. जुना आणि नवा छेद एकमेकांवर ठेवा. साचलेला गाळ तळाला सपाट भरतो आणि माथा जागच्या जागी असतो. घसरणीत माथ्याची रेषा मागं गेलेली असते, वरच्या भागात खळगा आणि पायथ्याशी फुगवटा दिसतो, आणि दोन्हींचं घनफळ जवळपास सारखं भरतं. फुगवट्यातून ट्यूब घेऊन वेन लावली, तर ताकद मूळ गाळाच्या मोडलेल्या आकड्याजवळ येते, आणि आत रेतीचे पट्टे असतील तर ते वेडेवाकडे मुडपलेले सापडतात.

घसरण ठरली तर फुगवटा लगेच उपसू नका. तोच सध्या उताराला पायथ्याशी टेकू देतो आहे. आधी माथ्यावरचं ओझं हलवा, वरचा भाग सपाट करा, मोडलेल्या गाळाची ताकद घेऊन हिशेब पुन्हा मांडा, आणि मग पायथा साफ करा.